पांदण रस्त्याची फाईल कुठल्या कपाटात असते?

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. गावातली एक पांदण, म्हणजे वावरात जायचा रस्ता, दोन वर्षांपूर्वी कागदोपत्री पूर्ण झाली. प्रत्यक्षात तोंडाशी दोन-तीनशे फूट मुरूम पडलाय, पुढे चिखल. त्याने माहिती अधिकारात अर्ज केला, तर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असं उत्तर आलं. दुसरा केला, तर 'वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही'. घरचे म्हणतात, "कायले लागतं बावा त्याईच्या नादी?" आता पुढे जावं की सोडून द्यावं, असं तो विचारतोय.

भाऊ, सोडू नका. पण तिसरा अर्जही आज टाकू नका.

तुम्ही दोन्ही अर्जांच्या प्रती जोडल्या, बरं केलं. पहिल्या अर्जात चार मुद्दे आहेत: काम अपूर्ण का राहिलं, याला जबाबदार कोण, दोषींवर काय कारवाई केली, आणि मागच्या दहा वर्षांतल्या सगळ्या कामांची संपूर्ण माहिती. पहिले तीन मुद्दे म्हणजे तक्रार झाली आणि चौथा म्हणजे राग. राग रास्त आहे, पण ग्रामपंचायतीच्या कपाटात 'का' नावाची फाईल नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की 'का' या प्रश्नाचं उत्तर ही कायद्यातली 'माहिती' नाही. कार्यालयात जे कागदावर आहे ते मिळेल, नव्याने खुलासा लिहून मिळणार नाही. हा निकाल बाबूलोकांना तोंडपाठ असतो. फाईलवर कुणी कारण लिहून ठेवलं असेल तर त्या टिपणीची प्रत मागता येते, एवढं मात्र ते सांगत नाहीत.

मी हे काम यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत केंद्राचा माहिती अधिकार कायदा आला तेव्हापासून करतेय, म्हणजे ऑक्टोबर २००५ पासून. गावपातळीवर आपल्यापासून मुख्यतः लपवलं जातं ते कागदाचं नाव. ज्याला नाव ठाऊक आहे त्याला टाळणं अवघड जातं, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला 'विस्तृत स्वरूपाची' म्हणून परत पाठवता येतं. तेव्हा आधी तुमच्या पांदणीचे कागद कोणकोणते ते बघू.

असं काम निघतं ते ग्रामसभेच्या ठरावातून. ठराव पंचायत समितीत जातो, काम आराखड्यात येतं, मग अंदाजपत्रक, म्हणजे ज्याला सगळे इस्टिमेट म्हणतात ते, होतं. त्यावर तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि शेवटी कार्यारंभ आदेश. काम सुरू झालं की मजुरांचे हजेरीपट निघतात, मस्टर. केलेलं काम मोजून मोजमाप पुस्तिकेत चढवतात, तिला गल्लीतला पोरगाही एमबी म्हणतो. मुरूम, गिट्टी, रोलर यांची देयकं वेगळी. कामाआधीचे, चालू असतानाचे आणि झाल्यानंतरचे फोटो, आणि सरतेशेवटी पूर्णत्वाचा दाखला. ही सगळी कागदपत्रं एका जागी नसतात. ठराव ग्रामपंचायतीत, मस्टर आणि एमबी पंचायत समितीच्या नाहीतर तहसीलच्या रोहयो, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, शाखेत, आणि यंत्रणा सार्वजनिक बांधकाम किंवा वन विभाग असेल तर आणखी तिसरीकडे. काळजी करू नका. चुकीच्या दारात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य दारात पाठवणं ही त्यांचीच जबाबदारी आहे, कलम ६(३). 'आमच्याकडे नाही' एवढं लिहून अर्ज परत करता येत नाही.

या ढिगातून मला एकच कागद निवडायला सांगितला, तर मी एमबी मागेन. बाकी सगळं संगणकावर टाईप होतं, एमबी अजून बऱ्याच ठिकाणी हाताने लिहितात, आणि हाताने लिहिलेल्या खोट्यात माणूस दिसतो. लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण असे रकाने असतात, खाली मोजणाऱ्याची सही आणि तारीख.

आता हिशोब बघा. समजा तुमच्या एमबीत १ किलोमीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाडीचा मुरमाचा थर दाखवलाय. १००० गुणिले ३ गुणिले ०.१५, म्हणजे ४५० घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणजे साधारण १५९ ब्रास मुरूम, तोही दबलेला. सुटा मोजला तर त्याहून जास्त. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रासच्या आसपास बसतो. म्हणजे दीडशेवर ट्रॉल्या तुमच्या गावातून, शाळेसमोरून, मारुतीच्या पारावरून गेल्या, आणि त्या कुणाला दिसल्या नाहीत? हा प्रश्न तुम्ही ग्रामसभेत विचारा. त्याला कलम लागत नाही.

मुरूम आभाळातून पडत नाही. तो कुठल्या तरी खदानीतून नाहीतर तलावातून उपसला जातो, त्याला गौण खनिजाची रॉयल्टी लागते आणि वाहतुकीचा परवाना लागतो. हे कागद महसूलकडे असतात, रस्तेवाल्याकडे नव्हे. एका गावात आम्ही एमबी आणि रॉयल्टीच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर एमबीत जेवढा मुरूम त्याच्या पाव भागाचीही रॉयल्टी भरलेली नव्हती. म्हणजे एकतर मुरूम चोरला किंवा टाकलाच नाही. दोन्हींतलं एक तरी कबूल करावंच लागतं. ठेकेदाराने चोरीचं कबूल केलं, दंड स्वस्त पडत होता म्हणून! अशी हुशारी पुष्कळ भेटेल.

तर पहिल्या उत्तराकडे येते. 'विस्तृत स्वरूपाची' हे नकाराचं कारण कायद्यात कुठेच नाही. कलम ७(९) एवढंच म्हणतं की मागितलेल्या स्वरूपात माहिती देताना कार्यालयाची साधनसामग्री अवाजवी अडकत असेल, तर दुसऱ्या स्वरूपात द्या. दुसरं स्वरूप म्हणजे बहुधा अभिलेखांचं निरीक्षण. मग तुम्ही स्वतःच निरीक्षण मागा ना. जाड फाईल असेल तर मी प्रती मागतच नाही. दोन रुपये पान, आणि शंभर पानांतून कामाचं एक पान निघतं. फाईल समोर घेऊन बसायचं, हवी ती पानं टिपायची आणि तेवढ्याच प्रती मागायच्या. पहिल्या तासाला फी नाही. एक गंमत सांगते. राज्याने २०१२ मध्ये नियम बदलले, त्यात निरीक्षणाला येणाऱ्याने फक्त शिसपेन्सिल न्यायची, बाकी पेनं अधिकाऱ्याकडे जमा करायची, असं आहे. कागदावर कुणी काही खरडू नये म्हणून. तेव्हा टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि शाळेची वही घेऊनच जा. ऐनवेळी पेन्सिलीसाठी बाजारात पाठवलं की अर्धा तास जातो, आणि परत येईपर्यंत साहेब जेवायला गेलेले असतात.

त्याच बदलात आणखी दोन गोष्टी आल्या: एका अर्जात एकच विषय, आणि शक्यतो १५० शब्द. आमच्यातल्या पुष्कळांनी तेव्हा बोंब मारली, मीही मारली. आज मला वाटतं की अर्ज छोटा करायची सवय लागली हे वाईट झालं नाही, नियम करण्यामागचा हेतू काहीही असो. तुमचा अर्ज असा असू द्या: अमुक गट नंबर ते अमुक गट नंबर या पांदण रस्त्याच्या, अमुक वर्षातल्या कामाचं अंदाजपत्रक, एमबीची संबंधित पानं, साहित्याची देयकं आणि पूर्णत्वाचा दाखला यांचं निरीक्षण करायचं आहे आणि निवडलेल्या पानांच्या प्रती हव्या आहेत. बस. कोण दोषी हे लिहायचं नाही. कशासाठी हवं हेही लिहायचं नाही, कलम ६(२) प्रमाणे कारण विचारायचा त्यांना हक्क नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्या पुराव्याची झेरॉक्स, मग फी नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट.

अर्जाच्याही आधी एक करून बघा. राज्य सरकारचा २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. हा निर्णय फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, खुर्चीतल्यांनाही. त्याची छापील प्रत खिशात ठेवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलावरच्या बाईंनी तो दोनदा वाचला, आत जाऊन साहेबांना दाखवला आणि परत येऊन म्हणाल्या, "ताई, असं काही असते हे आम्हालेच आज समजलं." त्यांनी फाईल काढून दिली. सगळीच खुर्ची वैरी नसते, हे ध्यानात ठेवा. पुढे याच बाईंनी मला दुसऱ्या एका फाईलचं नाव सांगितलं होतं.

दुसरं उत्तर, 'वैयक्तिक माहिती', जास्त गंभीर आहे आणि यापुढे वाढणार आहे.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) आधी असं होतं: ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, ती नाकारता येते, आणि व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागते. जोडीला एक सुंदर वाक्य होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला आणि त्याने हे सगळं छाटून 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. गावात कुठल्या कागदावर माणसाचं नाव नसतं? घरकुलाची यादी, मस्टर, सिंचन विहिरींचे लाभार्थी, रेशनकार्डं, सगळीकडे नावंच नावं.

हे एका दिवसात झालेलं नाही. वाट आधीच पडली होती, आणि तिची सुरुवात आपल्या अकोल्याची आहे. तिथल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याची सेवाविषयक आणि मालमत्तेची माहिती २००८ मध्ये मागितली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये निकाल लागला की कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो, नोटिसा, मालमत्ता विवरण ही त्याची वैयक्तिक माहिती. गिरीश देशपांडे निकाल म्हणून तो ओळखला जातो. नकाराच्या पत्रात त्याचं नाव इतक्यांदा आलंय की ते आता शिक्क्यावरच कोरून घ्यावं.

पण एक दार उघडं राहिलंय, कलम ८(२). जनहित हे संरक्षित हितापेक्षा जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. त्या कलमाला हात लागलेला नाही. अपिलात तेच कलम लिहा आणि कलम १० जोडा, म्हणजे जो भाग खरोखर खाजगी आहे तो झाकून उरलेला द्या. आधार क्रमांक झाका, खाते क्रमांक झाका, मजुराने किती दिवस काम केलं आणि किती रुपये उचलले ते द्या. तुमचं काम ज्या काळात झालं तेव्हाच्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे झालेल्या कामांची तपासणी, ग्रामसभेने करायचं असं कलम १७ होतं. मस्टर न बघता अंकेक्षण कसं करणार, हे अपिलीय अधिकाऱ्याला तोंडावर विचारता येतं. आणि तुमच्या बाबतीत खरं म्हणजे नावांची गरजच नाही. मुरमाला खाजगी आयुष्य नसतं. दुसऱ्या अर्जात तुम्ही मजुरांची नावं आणि बँक खाती मागितलीत, ती मागायलाच नको होती.

खाजगीपणाची टिंगल मला करायची नाही. मी एकदा तोंडावर पडलेय. एका ग्रामसभेत मी मस्टर वाचून दाखवलं आणि ठणकावून म्हटलं की हे तिसरं नाव तर गेल्या साली वारलेल्या माणसाचं आहे. मागून एक जण उठला आणि म्हणाला, "मीच तो. मेला तो माया चुलतभाऊ, नाव एकच हाय." सभा हसली. ग्रामरोजगार सेवकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिथेच हात जोडून माफी मागितली, आणि ती मागितली म्हणून त्या गावात परत जाऊ शकले. तेव्हापासून नुसत्या नावावर मी काही ठरवत नाही, जॉबकार्डचा नंबर जुळल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि यादी मिळाली की ती गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची घाईही करत नाही.

खाजगीपणाचं नाव कुणाविरुद्ध वापरलं जातं ते मला एका बाईंच्या प्रकरणात कळलं. राळेगावकडचं गाव. नवऱ्याने आत्महत्या केली, कापसाचं साल होतं. तुम्हाला ठाऊक असेलच, २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्ह्याची समिती ठरवते. या बाईंना दोन ओळींचं पत्र आलं, प्रकरण अपात्र. कारण नाही. त्यांनी तलाठ्याला विचारलं, तलाठ्याने तहसीलला पाठवलं, तहसीलने सांगितलं वरून आलंय. आम्ही फाईलच्या निरीक्षणाचा अर्ज त्यांच्याच नावाने केला, तर उत्तर आलं की त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे. त्रयस्थ म्हणजे त्यांचा नवरा.

अपिलात फाईल उघडली. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तलाठ्याचा अहवाल, बँकेचा दाखला, आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. इतिवृत्तात त्या दिवशीची सगळी प्रकरणं तक्त्यात होती, एकेक ओळ. त्यांच्या ओळीत लिहिलं होतं, 'मयताचे नावे कर्ज नाही.' सोसायटीचं कर्ज सासऱ्याच्या नावे होतं, कारण सातबारा सासऱ्याच्या नावे होता, आणि सासरा आठ वर्षं अंथरुणाला खिळलेला. शेती करणारा हा, फेडणारा हा, मरणारा हा. अर्ध्या ओळीत निकाल. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली आणि मग फक्त म्हणाल्या, "येवढंच?" फेरचौकशी लागायला पुढे दीड वर्ष गेलं. पण फेरचौकशीचा अर्ज लिहिता आला तो त्या अर्ध्या ओळीमुळे. ती हाती येईपर्यंत आम्ही कशाविरुद्ध लढतोय हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

लोक मला विचारतात, सरकारी गुपितं म्हणजे शासकीय गोपनीयता कायदा ना, इंग्रजांचा, १९२३ चा? तो आहेच. पण माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ त्याच्यावर वरचढ आहे, आणि वीस वर्षांत तो कायदा माझ्या तोंडावर मारणारा अधिकारी क्वचितच भेटला. गडचिरोलीकडे 'सुरक्षेच्या कारणास्तव' हे शब्द जास्त ऐकू येतात. तिथले मित्र सांगतात की खाणीच्या जनसुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा, हे २००६ च्या अधिसूचनेतच आहे, तरी तो मागून मागून घ्यावा लागतो. बाकी आपल्याकडचं गुपित म्हणजे कुलूप, आणि किल्ली असलेला माणूस सुट्टीवर.

फाईल सापडत नाही असंही उत्तर येईल. तेव्हा चिडू नका. लेखी घ्या. मग विचारा की या फाईलचं वर्गीकरण काय, अ की ब की क? अ म्हणजे कायम जपायची, ब म्हणजे तीस वर्षं. नष्ट केली असेल तर नष्ट केल्याची नोंद दाखवा. आणि नोंदही नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये शिक्षेची तरतूद आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या अधिनियमाचं नुसतं नाव अर्जात आलं आणि हरवलेली फाईल आठवड्यात सापडली, असं मी तीन वेळा बघितलंय. एकदा ती म्हणे पंख्याच्या खोक्यात होती.

अपिलाचं थोडक्यात सांगते. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा असलं मोघम उत्तर आलं, की पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट. तुमच्या दुसऱ्या उत्तराची मुदत अजून गेलेली नसेल तर आधी ते अपील टाका, ते जाऊ देऊ नका. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, तुमच्यासाठी अमरावती खंडपीठ. तिथे तारीख लागायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार असा दंड अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करायची तरतूद आहे, पण तो लागताना मी फार कमी बघितलाय. म्हणून आयोगावर सगळी भिस्त ठेवून बसू नका. अपील टाका आणि विसरा, पावती जपून ठेवा.

पहिल्या अपिलाच्या सुनावणीला मात्र नक्की जा, आणि एकटे जाऊ नका.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नातला खरा अवघड भाग हा आहे. घरचे म्हणतात ते भित्रेपणाने म्हणत नाहीत. तळेगाव दाभाड्यात जानेवारी २०१० मध्ये सतीश शेट्टींचा खून झाला, तो माहिती अधिकाराचाच माणूस होता. आपल्याकडे बहुतेक वेळा एवढं होत नाही. पांदणीतून तुमची बैलबंडी अडवतील, सोसायटीचं कर्ज लांबवतील, बापाला पारावर टोमणे मारतील. आणि सगळ्यात आधी एखादा जण चहाच्या टपरीवर भेटून म्हणेल, "भाऊ, किती पाहिजे सांगा." तो चहासुद्धा पिऊ नका. माहिती अधिकारवाले म्हणजे खंडणीवाले ही ख्याती काही जणांनी खरोखर कमावून ठेवलीय, आणि तिची किंमत आपण सगळे मोजतोय. एकदा अर्ज मागे घेतला की कारण काहीही असो, गाव एकच अर्थ लावतं.

यावर मला सापडलेला उपाय एकच. अर्ज तुमच्या एकट्याचा राहता कामा नये. त्या पांदणीवर ज्यांची वावरं आहेत त्यांना गोळा करा, दहा-बारा जण तरी निघतील. पाच जणांनी वेगवेगळ्या कागदासाठी वेगवेगळा अर्ज करा, एकाने एमबी, एकाने रॉयल्टी, एकाने देयकं. एका बाईच्या नावे एक अर्ज असू द्याच. मग धमकवायचं कुणाला, हाच प्रश्न पडतो.

आणि कागद आले की ते घरी ठेवायचे नाहीत, वाचायचे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संगठनने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावी पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा देशात हा कायदा नव्हता. त्यांनी बिलं आणि मस्टर लोकांसमोर वाचून दाखवले, आणि लोकच सांगू लागले, की मी या कामावर कधी गेलोच नाही. त्यातून पुढे कायद्याची मागणी उभी राहिली. आपल्याकडे गडचिरोलीतलं, धानोऱ्याजवळचं मेंढा-लेखा बघा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या गावाने त्याआधी अभ्यासगट चालवले, कायदा काय म्हणतो, वनखात्याचा कागद काय म्हणतो, हे बसून वाचलं आणि निर्णय सर्वसहमतीने घेतला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. कागद वाचायची सवय असलेलं गाव होतं ते.

तुमच्या ग्रामसभेत एमबीचं पान वाचा आणि तिथून सगळ्यांनी उठून पांदणीवर जा. शंभर फुटी टेप घ्या, एक जुना शेतकरी बरोबर घ्या. जिथे मुरूम संपतो तिथे चुन्याची रेघ मारा, फोटो काढा. ठिकठिकाणी कुदळीने वीतभर खणून थराची जाडी मोजा. कायद्यात कलम २(ञ) खाली साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे, पण त्याची पाळी बहुधा येत नाही, टेपच पुरतो.

एक राहिलं. इस्टिमेट मागाल तेव्हा 'सुधारित अंदाजपत्रक असल्यास तेही' असं जरूर लिहा. मोठ्या प्रकल्पांत याला सुप्रमा म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं तेव्हा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो आज कुठल्या कुठे गेलाय, आणि दर वेळी वाढीचं कारण त्या सुप्रमेच्या टिपणीतच लिहिलेलं असतं. पांदणीचंही तसंच, फक्त शून्यं कमी.

येत्या सोमवारी जा. एमबी समोर आली की आकड्यांच्याही आधी मोजमापाची तारीख बघा. पंधरा जून ते सप्टेंबरमधली असेल तर ते पान पेन्सिलीने उतरवून घ्या आणि प्रत मागा. तुमच्याकडची जमीन काळी आहे. जुलैत त्या पांदणीत बैल गुडघ्यापर्यंत रुततो, तुम्हीच लिहिलंय. तिथे टेप धरायला कोण गेलं होतं आणि कुठल्या चपलेने गेलं होतं, हे त्या सहीच्या मालकाला ग्रामसभेत विचारता येईल.